हिरव्या मेणाची रेघ

१४ जानेवारी २०१९, सोमवार

प्रिय रेनो,

तुझा पत्ता इडा आत्याकडून घेतला. तिला बोल लावू नकोस. मी तीन वेळा विचारलं, तिसऱ्यांदा तिने दिला. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र न फोडताही टाकून देता येतं, हे मला कळतं. पण त्यासाठी पाकीट एकदा तरी हातात घ्यावं लागतं. सध्या मी तेवढ्यावर समाधान मानते.

बाबांचं हृदय थकलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, वसंतापर्यंत काढतील, कदाचित. 'कदाचित' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, म्हणून मीही लिहिते. पाय सुजले आहेत. जिना उतरता येत नाही, म्हणजे तळघरातल्या शिसं ओतायच्या भट्टीपर्यंत जाता येत नाही. दुखण्यापेक्षा त्यांना त्याचं जास्त लागलं आहे. रविवारी मी चर्चहून येते तेव्हा फोन मांडीवर घेऊन बसलेले असतात. कुणाशी बोलत होता विचारलं की म्हणतात, "हवामान ऐकत होतो." हवामान काय, खिडकीतून दिसतंय तेच. बर्फ.

काल लेहटो आला होता, त्याच्या टायरच्या दुकानातली बादली घेऊन. चाकांवरून काढलेली, तोल साधायची जुनी वजनं. पूर्वी बादलीभर शिसं निघायचं, आता निम्मं जस्त आणि लोखंड असतं. बाबांनी बादली पलंगाजवळ ठेवून घेतली आणि एकेक वजन फरशीवर टाकून आवाज ऐकत बसले. बद्द वाजलं की शिसं, खणकन वाजलं की जस्त.

"अर्व्हिड, तुला आराम सांगितलाय ना?" लेहटो म्हणाला.

"आरामच करतोय. वाकून उचलायचं काम तुझं."

"फुकट शिसं आणून द्यायचं आणि वर हमाली करायची."

"तीस वर्षं तुझ्या दुकानातला कचरा नेतोय मी. तूच मला काहीतरी द्यायला पाहिजेस."

लेहटो गुडघ्यांवर बसून, धापा टाकत, वजनं वेचत राहिला. त्याचंही वय झालंय. एक जस्ताचं वजन बाबांच्या कानातून सुटलं होतं, ते लेहटोने पकडलं. बाबा बराच वेळ ते हातात धरून बसले. "एवढं एक गेलं असतं तर अख्खं भांडं नासलं असतं," म्हणाले. मग ते त्यांनी खिडकीबाहेर टाकायला सांगितलं. कचऱ्याच्या डब्यातही नको.

मी तुला पत्र लिहिणार आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय लिहिणार?"

"तुम्ही आजारी आहात म्हणून."

"आणि?"

"आणि तो आला तर बरं होईल म्हणून."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तुझ्याकडे अशी विनवणी करावी लागते याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

सहा वर्षं झाली, रेनो. तुझा डोळा गेला, ट्रक चालवायचा परवाना गेला, ते कुणी परत देऊ शकत नाही. पण माणसाच्या हातून चूक होते. एवढं मनात धरून एकदा येऊन जा.

हेल्मी


९ फेब्रुवारी २०१९, शनिवार

प्रिय रेनो,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरून चालले नव्हते, तरी रोज टपालपेटीपर्यंत बर्फ उपसत जाते.

आज सौना तापवली. बाबांना डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून ते बाहेरच्या खोलीत बाकावर टॉवेल पांघरून बसले आणि दाराआडून माझ्या वाफेला नावं ठेवत राहिले. त्याआधी दुपारी बंदुकीच्या गोळ्यांचं ओतकाम केलं. हल्ली आमची अशी पद्धत आहे: त्यांची खुर्ची जिन्याच्या वरच्या पायरीशी, तळघराचं दार उघडं, मी खाली भट्टीपाशी. त्यांना काही दिसत नाही. नुसतं ऐकतात.

"साचा गार आहे."

"वरून कसं कळलं?"

"गोळी चिंधीवर पडतेय कशी, ऐक. सुरकुतलीय ती. टाक परत भांड्यात."

पाहिलं तर खरंच सुरकुतलेली होती.

"कथील घातलंस?"

"घातलं."

"किती?"

"पुरेसं."

"कॉलेजात हेच शिकवलं का? पुरेसं."

आठवडाभर मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत लोकांच्या विहिरींच्या पाण्यात शिसं किती ते मोजते, आणि शनिवारी घरी येऊन तेच पळीने ढवळते. बाबांना यात मोठी गंमत वाटते. मला वाटत नाही. मी दोनदा हात धुते आणि कपडे वेगळे टाकते. पण सोडवतही नाही. विकतच्या काडतुसांची एक पेटी एका रविवारच्या चांदमारीत संपते. फेकून दिलेल्या शिशाच्या गोळ्या ओतून, त्याच त्या पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरून आपल्या घराने अख्खे हिवाळे काढले. गिरणीतल्या एका पगारावर चौघांना दुसरी कुठली चैन परवडणार होती?

गोळ्या गार झाल्यावर त्यांच्या खोबणीत वंगणाचं मेण भरलं. अजून हिरवंच. तुला आठवतं, आईने आपल्या शाळेचे उरलेले मेणखडू वितळवून दिले होते, लाल तुला, हिरवा मला? बाबा म्हणाले होते, "मला रंग नको. माझं मेण मधमाश्यांनी रंगवूनच दिलंय." पुढे नेमबाजीच्या क्लबात टेबलावर सगळ्यांची काडतुसं सांडली तरी पुंगळीच्या तोंडाशी डोकावणाऱ्या त्या रेघेवरून ज्याची त्याला परत जायची. लाल रेघ तुझी, हिरवी माझी, पिवळी बाबांची. तुझी आणखी एक खोड होती. पेटी उघडली की पहिलं काडतूस तू शर्टाच्या खिशात ठेवायचास, शेवटच्या नेमासाठी. "शेवटची खिशात," म्हणायचास, आणि बाबा म्हणायचे, "एक दिवस आई धुण्यात टाकेल आणि मशीन उडेल."

आता मी नुसत्या गोळ्या ओतते. पुंगळ्या भरत नाही. सहा वर्षांत एकही भरलेली नाही. बाबांनी कारण विचारलेलं नाही.

निजण्याआधी त्यांनी पुन्हा विचारलं, "आज लिहिलंस का त्याला?"

"लिहिते आहे."

"काय?"

"ओतकामाचं. मेणाचं. जुन्या गोष्टी."

"जुन्या गोष्टी," ते म्हणाले. "बरं."

ते 'बरं' मला बरं वाटलं नाही, पण का, ते नीट सांगता येत नाही. म्हणजे सांगता येईल. आज नको.

ते तुझी वाट पाहतात. ये.

हेल्मी


६ मार्च २०१९, बुधवार

प्रिय रेनो,

इडा आत्याने तुला फोनवर सांगितलंच असेल. रविवारी, तीन तारखेला. मी चर्चहून आले, बूट झटकत होते, हाक मारली, उत्तर आलं नाही. खुर्चीत होते. फोन मांडीवर होता. चेहरा वाकडातिकडा झालेला नव्हता, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

प्रार्थना शुक्रवारी आहे. दफन मात्र आत्ता नाही. जमीन चार फूट गोठलेली आहे. तुला इथली रीत ठाऊक आहे, हिवाळ्यात गेलेली माणसं दफनभूमीच्या दगडी खोलीत वसंताची वाट पाहतात. बाबांच्या आधी तिथे तिघं आहेत. आपल्या शाळेच्या त्या जुन्या बाईही आहेत. लेहटो म्हणाला, "चला, पत्ते खेळायला चौघं झाले." आणि मग तोंडावर टोपी ओढून बराच वेळ उभा राहिला.

दफन १८ मे, शनिवार, सकाळी अकराला. म्हणजे अडीच महिने आहेत. नेव्हाडातून बसनेही येता येईल. शुक्रवारी जमलं नाही तरी मेमध्ये ये. जिवंतपणी नाही भेटलास, ते राहू दे. निदान मातीला ये.

त्यांचा शेवटचा शब्द माझ्याशी म्हणशील, तर तो असा: मी चर्चला निघताना त्यांनी विचारलं, "फेब्रुवारीनंतर त्याला काही लिहिलंस?" मी नाही म्हणाले. "लिही," म्हणाले. "सरळ लिही."

हेल्मी


२२ एप्रिल २०१९, सोमवार

रेनो,

तळघर आवरायला घेतलं होतं, थांबवलं. भट्टीमागच्या फळीवर एक पेटी सापडली. तिच्याविषयी तू आलास की समोरासमोर सांगेन.

१८ मे, अकरा वाजता. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

हेल्मी


१९ मे २०१९, रविवार

रेनो,

काल बाबांना मातीत ठेवलं. वरची वीतभर माती मऊ होती, खाली खणताना अजून बर्फाचे खडे निघत होते. चौदा माणसं होती. मी रस्त्याकडे पाहत होते, म्हणून पाद्री काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. क्लबातल्या म्हाताऱ्यांनी प्रत्येकी एक ओतीव गोळी आत टाकली. लेहटोची नेमकी झाकणावर पडली, बद्द आवाज झाला. "शिसं आहे, अर्व्हिड," तो म्हणाला. "तपासून टाकलंय."

परत येताना गाडीत तो मला म्हणाला, "रेनो आला नाही, त्याला मी नावं नाही ठेवणार. पण तुझ्या बाबाच्या हातून ते झालं, हे मला आजही पटत नाही, हेल्मी. त्याच्याइतका जपून काम करणारा माणूस मी पाहिला नाही. मध्ये कोणी शिंकलं तरी सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून भरायचा. मी त्याची यावरून किती चेष्टा केलीय."

घरी आले आणि जेवले. हे लिहिताना मला ते जेवण आठवतं आहे, लेहटोच्या बायकोने पाठवलेली खिम्याची पेस्टी, आणि मी ती सबंध संपवली.

आता सरळ लिहिते.

२३ सप्टेंबर २०१२, रविवारची दुपार. तळघरात मी एकटी होते. लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या होत्या, पाचाच्या दहा ओळी. मोठी पुंगळी आणि बंदुकीची दारू अगदी चिमूटभर, कारण शिशाच्या गोळीला जास्त जोर सोसत नाही. त्या चिमटीने पुंगळीचा तळही धड भरत नाही. त्यामुळे एकीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती वर येत नाही, सांडत नाही, बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून बाबांचे दोन नियम होते. मध्ये कोणी बोललं, फोन आला, काहीही झालं, तर सगळ्या पुंगळ्या परत ओतायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं. आणि गोळी बसवण्याआधी बॅटरीचा झोत टाकून प्रत्येकीत डोकवायचं. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. तरी लिहिते, कारण काय मोडलं ते पूर्ण लिहायचं आहे.

पाचव्या की सहाव्या ओळीवर असताना डेलचा फोन आला. तो आमच्या घरातलं माझं सामान खोक्यात भरून ओसरीवर ठेवणार होता आणि त्याला किल्ली परत हवी होती. अकरा वर्षांचा संसार, आणि बोलणं किल्लीचं. फोन ठेवून मी परत आले. पुंगळ्या ओतल्या नाहीत. मला वाटलं, कुठे थांबले ते मला आठवतंय. पुढे भरत गेले. झोत टाकला नाही. माझे डोळे भरलेले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं घडलं एवढंच. गोळ्या बसवल्या, पेटीवर चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली आणि 'तपासलं' म्हणून खूण केली. त्या दिवशीच्या डायरीतही लिहिलं आहे, 'पन्नास भरली. सगळी तपासली.' डायरी मी कुणाला दाखवत नाही, तरी तिच्यातही खोटं लिहिलं. असं का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दोन आठवड्यांनी क्लबात तू बाबांच्या पिशवीतून हाताला लागेल ती पेटी उचललीस. लेहटोशी तुझी पैज होती, जो मागे पडेल त्याने सगळ्यांना पेस्टी द्यायच्या. थंडी होती, तू हातमोज्यांतूनच भराभर रायफलीत काडतुसं भरत होतास. मी दोन टेबलं पलीकडे होते. तुझ्या शेजारच्या पेटीवर माझी चिठ्ठी दिसली आणि मला अभिमान वाटला, रेनो, की तू माझी घेतलीस. दहाव्या बाराला आजोबांची रायफल फुटली.

तुला गाडीत घातल्यावर बाबांनी पेटी उचलून कोटात घातली. लोक म्हणायला लागले, रायफलच जुनी, शंभर वर्षांचं पोलाद. बाबा म्हणाले, "पोलादाला नावं ठेवू नका. काडतुसं मी भरली होती." ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळलं की त्यांना कळलंय.

इस्पितळाबाहेर मी त्यांना म्हणाले, "शुद्धीवर आला की तो विचारेल."

"विचारू दे. मी सांगेन."

"बाबा, पण..."

"मी आज ना उद्या जाणार. मागे तुम्ही दोघंच राहणार. त्याला रागवायचंच असेल तर जाणाऱ्यावर रागवू दे."

मी गप्प बसले. पहिल्या दिवशी तो त्यांचा मोठेपणा होता. दुसऱ्या दिवसापासून ती माझी सोय झाली. तू निघून गेलास, ते तुझ्या रिकाम्या खोलीच्या दाराशी उभे राहायचे, आणि मी त्यांना कॉफी करून द्यायचे. कॉफी उत्तम करायचे.

जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं, 'माणसाच्या हातून चूक होते.' कुठल्या माणसाच्या, ते लिहिलं नाही. असं वाक्य सुचल्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. तेही तुला कळू दे.

एप्रिलमध्ये सापडलेली पेटी हीच. बाबांनी झाकणावरची माझी चिठ्ठी खरवडून काढली होती, पण आतल्या काडतुसांना हात लावला नव्हता. वितळवून टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी ती ठेवली. मी एकेक उघडून दारू तोलली. सगळी बरोबर भरलेली निघाली. चुकीचं एकच होतं. पन्नासांतली दहा तू उडवलीस, म्हणजे चाळीस हवीत. एकोणचाळीस आहेत. तीनदा मोजली. एक कुठे गेलं ते मला कळत नाही.

तोंडाशी हिरवी रेघ आहे सगळ्यांना. तू हातमोज्यांतून, घाईत, न पाहता भरत होतास. सहा वर्षं मी तुझ्या त्या न पाहण्याच्या आधारावर जगले.

आता ये, असं लिहायचा मला हक्क नाही. बाबांवर रागावू नकोस, एवढंच. त्यांनी काही केलं नव्हतं.

हेल्मी


१४ जून २०१९, शुक्रवार

रेनो,

तुझं पाकीट काल आलं. छोटं आणि जड. उघडायच्या आधीच हाताला कळलं आत काय आहे, तरी मी ते प्रयोगशाळेत नेऊन, दार लावून उघडलं. घरी उघडायचा धीर झाला नाही.

गोळी तोललीही. हसू नकोस. तराजू समोर होता आणि मला दुसरं काय करावं ते सुचलं नाही. माझ्याच साच्यातली आहे, बुडावर तो बारीक ओरखडा आहे. खोबणीतलं मेण सुकून भेगाळलं आहे, पण रंग तसाच आहे. शेवटची खिशात. फेब्रुवारीत मी तुला तुझ्या या खोडीची आठवण करून दिली, मेमध्ये एक काडतूस कमी कसं म्हणून तीनदा मोजलं, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत. किंवा मी भेटू दिल्या नाहीत.

तुझी चिठ्ठी मला आता पाठ आहे. तरी इथे उतरवते, म्हणजे मी ती माझ्या सोयीने बदलणार नाही.

'हेल्मी, रेघ मी पहिल्याच काडतुसाला पाहिली होती. हातात मोजे होते, पण तेव्हा डोळे दोन होते. बाबांनी इस्पितळात सांगितलं तेव्हा मी काही बोललो नाही. मला वाटलं, आठवड्याभरात तू सांगशील. मग महिनाभरात. दुसऱ्या हिवाळ्यात बाबांना फोन करून म्हणालो, मला माहीत आहे. ते म्हणाले, तिचं तिला बोलू दे, तू मध्ये बोलू नकोस. त्यानंतर दर रविवारी तू चर्चला गेलीस की ते फोन करायचे. मी त्यांच्यावर कधी रागावलेलो नव्हतो. पण तुझ्यासमोर बसून, बाबांना माफ कर असं तुझ्या तोंडून ऐकणं मला जमलं नसतं. जानेवारीत मी निघतो म्हणालो, तर म्हणाले, अजून एक पत्र येऊ दे. मी ऐकलं. ऐकायला नको होतं, ते माझं चुकलं. शेवटच्या रविवारी त्यांनी विचारलं, आलं का काही? मी म्हणालो, नाही. मातीलाही मी निघालो नाही, कारण बोलावणं खोटंच होतं. तुझी गोळी तुला परत. दारू मी इथे ओतून टाकली.'

म्हणजे ते हवामान ऐकत नव्हते.

"काय लिहिणार?" असं ते विचारायचे, आणि मग "आणि?" म्हणायचे. मी दोन्ही वेळा तुला लिहून कळवलंय, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ माझ्या बाजूने लावलाय. त्यांना तुझ्याकडे विनवणी केल्याचं वाईट वाटलं नव्हतं. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत होते, गोळी सुरकुतलेली पडते की धड पडते. शेवटच्या रविवारी तू 'नाही' म्हणालास आणि मी चर्चहून येईपर्यंत ते गेले. त्या 'नाही'ने गेले, असं मी लिहिणार नाही; डॉक्टरांनी कारण लिहून दिलं आहे. पण 'नाही' ऐकून गेले, हे खरं आहे, आणि त्यात तू माझ्यासाठी निरोप्या झालास, हेही.

लेहटो सकाळी बादली घेऊन आला होता. सवयीने. दारात उभा राहून म्हणाला, "आता आवाज कोण ऐकणार याचा?" मी त्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो खूप वेळ बादलीतलं एक वजन हातात फिरवत बसला.

"सहा वर्षं?" म्हणाला.

"हो."

"आणि तो बिचारा माझ्याकडून चेष्टा ऐकून घ्यायचा. जानेवारीत तर मी म्हणालो होतो त्याला, अर्व्हिड, म्हातारा झालास, पुंगळ्या मोजायला शीक." तो उठला. बादली ठेवून गेला. रविवारी क्लबात ये असं म्हणाला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

तू पाठवलेली गोळी भांड्यात टाकणार नाही. टाकली तर बाकीच्या शिशात मिसळून जाईल, आणि मला तेच तर नेहमी हवं असतं. खिडकीत ठेवली आहे, रेघ खोलीकडे करून.

आज दुपारी खाली गेले. ठोकळा बाहेर काढला, पन्नास पुंगळ्या उभ्या केल्या, बाबांची बॅटरी घेतली. दारूला हात लावला नाही. नुसता झोत टाकून एकेका रिकाम्या पुंगळीत पाहिलं. पन्नासही पाहिल्या. अर्धा तास लागला. मग वर येऊन कागद घेतला.

मध्ये खंड पडला तर सगळं परत ओतायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. माझी पाचही पत्रं तशीच परत घे. ती मी ओतून टाकली असं धर. पहिलं पत्र असं हवं होतं:

१४ जानेवारी २०१९, सोमवार

प्रिय रेनो,

ती काडतुसं मी भरली होती, बाबांनी नाही. मी तपासली नव्हती. बाबा आजारी आहेत, पण अजून बोलतात, आणि तुझं नाव काढतात. ते आहेत तोवर ये.

हेल्मी